दत्तारामचा नसलेला माळा

...आणि वर तोंड करून विचारतात काय, तर "वर काय आहे?" आता तुम्हीच सांगा, हा काय प्रश्न झाला? भल्या माणसाला? बँकेत कर्ज मागायला गेलेला माणूस म्हणजे आधीच अर्धा मेलेला, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं, मांडीवर फाइल, फाइलीत सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स, प्रत्येक झेरॉक्सवर सही, ती सही चुकली म्हणून त्यावर पुन्हा सही... आणि समोरची नीलिमा मॅडम कॉम्प्युटरमधून मान वर न काढता विचारते, "सर, बैठं घर आहे ना? वर काय आहे?" झालं! आमचा दत्ताराम मांडवकर, ज्याने आयुष्यात बसच्या कंडक्टरलासुद्धा खोटं सांगितलं नाही, पोरगी अर्ध्या तिकिटाच्या वयाची झाली त्याच दिवशी स्वतःहून "हिचं अर्धं द्या" म्हणणारा माणूस, तो खुर्चीत ताठ होतो आणि शाळेत कविता म्हणतात तसा एका दमात म्हणतो, "वर काही नाही!"

बाई दचकली. तिला छप्पर स्लॅबचं की पत्र्याचं, एवढंच लिहायचं होतं!

आता हा दत्ताराम कोण आणि मला त्याचं काय, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. अहो, एकाच कारखान्यात आहोत आम्ही, मीरा रोडला हाटकेशला, वजनकाटे बनवतो. तो स्टोअर सांभाळतो, मी त्याच्या समोर बसतो, आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच्या डब्यातल्या भाजीबरोबर हे घरप्रकरण मला रोज वाढलेलं आहे, भूक असो नसो. त्यामुळे यातलं एक अक्षर मी पदरचं घालत नाही. घालायची गरजच नाही!

तुम्हाला सांगतो, जगाचं वर्ष बारा महिन्यांचं असेल, भाडेकरूचं अकराचं! दहावा महिना लागला की घरमालक एकदम प्रेमळ होतो. "काय मांडवकर, चहा झाला का? तब्येत काय म्हणते आईची?... नाही, म्हटलं आमच्या मेव्हण्याचं लग्न जमलंय, त्यालाही खोली बघतोय..." म्हणजे काय समजायचं? बांधा गाठोडी! पेणकरपाड्यात अशी एक बिल्डिंग दाखवा जिथे दत्ताराम राहिलेला नाही. पोस्टमनने नाद सोडला, गॅसवाल्याने नाद सोडला, आणि लोखंडी कपाट जिन्यांना इतकं घासलंय की त्याचा मूळचा रंग कुठला यावर नवराबायकोचं एकमत होत नाही. पण खरी गोष्ट ती नव्हे. खरी गोष्ट त्याची आई. शेवंतीबाई. रत्नागिरीकडची, गावचं घर भावकीत गेल्यावर मुलाकडे आलेली. ती हल्ली आपली पिशवीच सोडत नाही. "सोडून काय करू? परत बांधायचीच हाय." एवढं बोलून दाराकडे तोंड करून बसते, पोटच्या मुलाकडे पाहुणी आल्यासारखी! दत्तारामला हे लागायचं हो. जेवता जेवता हातातला घास तसाच राहायचा आणि म्हणायचा, "आईने एकदा ती पिशवी खुंटीला टांगली पाहिजे रे, मग पुढचं पुढे."

तर अशात बंटीने घर दाखवलं. बंटी म्हणजे एजंट. दोन फोन. एकावर बोलत असतो आणि दुसऱ्यावर "बस, पहुँच गया" सांगत असतो, आणि असतो तिसरीकडेच. घर कुठे, तर भायंदरच्या गोडदेवला, जुन्या गावाच्या कडेला, बैठ्या घरांची ओळ आहे तिथे. ग्रामपंचायतीच्या जमान्यात रीतसर नकाशा मंजूर करून बांधलेली घरं, म्हणजे कागद पक्के, म्हणजे बँक कर्ज देणार. पुढे ओटा, आत एक खोली, एक स्वयंपाकघर, मागे मोरी. उर्मिला, म्हणजे दत्तारामची बायको, तोंड पाडून बघत होती. चार माणसं आणि एक खोली, पेणकरपाड्यात तरी वेगळं काय होतं? तेवढ्यात तिला कोपऱ्यात लोखंडी जिना दिसला. सरसर वर गेली. मग वरून हाक आली, "अहो... उभं राहता येतंय!"

तुम्हाला सांगतो, त्या आवाजात काय होतं ते दत्तारामलाच कळलं असणार, कारण तो माणूस वर गेलासुद्धा नाही, त्याने खाली उभ्या उभ्या घर घेऊन टाकलं! वर ऐसपैस माळा. मालकाने छप्पर उचलून, गर्डर टाकून, लाद्या बसवून बांधलेला. जिना उतरेपर्यंत उर्मिलाने वाटण्या केल्या. मिनल बारावीला, तिचं टेबल खिडकीशी. आपण या बाजूला, मध्ये पडदा. आई खाली, गुडघ्यांना जिना नको. लग्नाला वीस वर्षं झालेल्या जोडप्याला पहिल्यांदा पडदा मिळणार होता, मग? अंगावर मूठभर मांस नाही चढणार?

आणि तिथेच बंटीने घसा खाकरला.

"दत्ताभाई, एक छोटीसी बात है. माळा आहे... पण माळा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आँख से है, नकाशा में नहीं. धाकूशेठने बाद में चढवला ना! नकाशात नाही तर बँकेत नाही. बँकेचा व्हॅल्युअर येईल, घराची किंमत काढायला मोजून जाईल. त्याने माळा बघितला तर बांधकाम अनधिकृत, फाइल खतम. नाही बघितला तर टेन्शनच नाही! कोणीपण विचारलं वर काय आहे, तर बोलनेका..."

"काय?"

"वर काही नाही!"

धाकूशेठ म्हणजे घराचा मालक, गोडदेवचाच, पिढ्यान्‌पिढ्यांचा. तो बाजूलाच दात कोरत उभा होता. तो जो उसळला! "न्हाय कसा? आं? न्हाय कसा? मी सोताचे हातान गर्डर टाकलान! चार मानसा नाचली वर तरी हालनार न्हाय. आन्‌ न्हाय सांगू?" बंटी म्हणाला, "धाकूशेठ, बेचना है की नाचना है?" धाकूशेठने काडी फेकली, माळ्याकडे एकदा बघितलं, आणि आपल्याच लेकराला ओळख न दाखवणाऱ्या बापासारखा पुटपुटला, "बरा... वर काय न्हाय."

आता आली का पंचाईत? घर घ्यायचं ते माळ्यासाठी, आणि कर्ज मिळणार ते माळा नसलेल्या घराला! तरी माणसाने काय करावं? अकरावा महिना तर संपत आलेला. पेणकरपाड्याला घरमालकाचा मेव्हणा येऊन खिडक्यांची मापं घेऊन गेला, पडद्यांसाठी! मग काय, उर्मिलाने घरात तालीम सुरू केली. संध्याकाळी दिवा लावून झाला की सगळ्यांनी ओळीने बसायचं. मिनल बँकवाली व्हायची. चष्मा नाकावर, आवाज नाकात. "सांगा मांडवकर, व्हॉट इज अपस्टेअर्स?" दत्ताराम, "वर काही नाही!" उर्मिला, "वर काही नाही!" आणि शेवंतीबाई?

"पन वर हाय की!"

"आई, वर काही नाही!"

"मंग पोरगी निजनार कुठं?"

अहो, रोज! रोज तेच! पोरीला हसू आवरेना आणि दत्तारामला रडू. शेवटी असं ठरलं की व्हॅल्युअर येईल त्या दिवशी म्हातारीने बोलायचंच नाही. फक्त चहा द्यायचा. चहा देताना माणूस काय बोलून बोलून बोलणार, असं सगळ्यांना वाटलं. इथेच लक्षात ठेवा, सगळ्यांना वाटलं!

आला तो दिवस. धाकूशेठने घर रिकामं करून किल्ली दिलेली. बंटीने जिना उचकटून मागे मोरीच्या भिंतीला उलटा टेकवला, वरच्या भोकावर प्लायवूड मारलं, त्याला पांढरा रंग फासला आणि संशय नको म्हणून वर ट्यूबलाइट लावली. खालून बघितलं तर साधं छत. मी मी म्हणणारा फसेल! आणि मग बंटीने सूचना दिल्या. "खुर्ची नको. पंखा नको. गप्पा नको. चहापाणी तर बिलकुल नको. पाच मिनिटं, माप, फोटो, बाय बाय."

चहापाणी नको! आता या बंटीला काय म्हणावं? कोकणातल्या माणसाला सांगतोय, दारात आलेल्याला पाणी देऊ नका! शेवंतीबाई सकाळपासून थर्मास भरून, बेसनाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेली. घर दुसऱ्याचं, चहा हिचा!

दत्तारामच्या डोळ्यांपुढे व्हॅल्युअर म्हणजे टकला, कपाळाला आठ्या, खिशात चार पेनं. आला तो पंचविशीतला इंजिनियर, पाठीला सॅक, हेल्मेटने केस चपटे झालेले, घामाने न्हालेला. नाव अभिनव. हातात ते लेझरचं यंत्र, भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि माप येतं. इकडे ठिपका, तिकडे ठिपका, मग यंत्र छताकडे रोखलं. ठिपका नेमका प्लायवूडवर! अभिनव जरासा थबकला. "छत जरा खाली वाटतंय..."

"वर काही नाही!" दत्ताराम, उर्मिला, मिनल, तिघं. एका सुरात. आरतीला म्हणतात तसं!

"मी विचारलं नाही," तो म्हणाला, आणि लिहीत राहिला. त्याला अजून मीरा रोडला जायचं होतं, मग काशिमीरा, मग कुठे कुठे. चार फोटो काढले, यंत्र सॅकमध्ये टाकलं, हेल्मेट उचललं. झालं की हो! सुटलो की! बंटीने ओट्यावरून अंगठा दाखवला आणि फोनवर कुणाला तरी सांगायला लागला, "हो गया, एकदम क्लीन..." दत्तारामच्या छातीवरचा धोंडा सरकला, उर्मिलाने डोळे मिटून हात जोडले... आणि शेवंतीबाई म्हणाली, "बाळा, घोटभर च्या तरी घे. उन्हातनं आलास."

त्याने घेतला. घेणारच. पोर भुकेलेलं होतं, लाडूही घेतला. आणि चहाच्या कपामागून तो प्रश्न आला, जो आपल्याकडे कपाला बशी असावी तसा चहाबरोबर येतोच येतो!

"गाव कंचं म्हनायचं तुजं?"

"संगमेश्वर, आजी."

"संगमेश्वरात कुटं?"

"आंबेकोंड."

"आंबेकोंड?" शेवंतीबाईने थर्मास खाली ठेवला. "आरं, आमचंच गाव! वरची वाडी का खालची?"

"वरची."

"कुनाचा रं तू?"

"आत्माराम शिगवणांचा."

"आत्मारामचा! अगो बाय! आत्मारामचा पोरगा तू? वहाळापलीकडचा? तुजी आजी नि मी एका हिरीवर पानी भरलंय रं!" आणि म्हातारीने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून कडाकडा बोटं मोडली. अभिनव लाजला. लाडू तोंडात होता. आता तो दत्तारामला सर नव्हे, काका म्हणायला लागला होता. उर्मिलाला काकी. दत्तारामच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं म्हणे, की बंटी फोनवर बोलता बोलता आत डोकावला.

आता बघा हं, इथे चूक झाली. तुमच्या-माझ्या हातून झाली नसती का? झाली असती! खोटं कशाला बोला. अहो, बँकेचा माणूस तो वेगळा, त्याच्यापासून काय वाटेल ते लपवा. पण गाववाला? गाववाला घरी आला आणि त्याला घर दाखवलं नाही तर तो गावात जाऊन काय सांगेल? "दत्तारामने भायंदरला घर घेतलंन खरं, पण दाखवलं न्हाय हो. कायतरी काळंबेरं असनार." शिमग्याला सगळा गाव विचारेल! घर अजून धाकूशेठचं, कर्ज अजून हवेत, फाइल अजून बँकेत, पण दाखवायची घाई दत्तारामला! तो तरातरा मागे गेला. बंटी फोनवर म्हणतोय, "क्लीन, क्लीन रिपोर्ट आयेगा..." आणि त्याच्या डोळ्यांसमोरून दत्ताराम जिना खांद्यावर घेऊन आत चाललाय!

"अरे बाळा, खालचं काय बघतोस? खरं घर वर आहे!"

उर्मिला ओरडली, "अहो!" बंटी दोन्ही फोन हातात धरून ओट्यावर बसला तो बसलाच. ट्यूबलाइट निघाली, प्लायवूड निघालं, अभिनव "काका, राहू दे, काका, कशाला..." म्हणतोय, दत्ताराम त्याला ढकलत वर नेतोय. वर नेऊन दाखवतोय काय, "इथे मिनलचं टेबल. इथे पडदा. वारा बघ कसा येतोय! गर्डर बघ, चार माणसं नाचली तरी हलणार नाही!" अभिनव बघतोय. हो, बघतोय. मग हळूच म्हणाला, "काका, हे मला का दाखवलंत?"

"अरे, तू आपला माणूस!"

"मी आपलाच आहे, काका. पण डोळे बँकेचे आहेत. आता बघितलं ते लिहावं लागणार."

आणि तुम्हाला सांगतो, मला हे चित्र अजून डोळ्यांपुढे दिसतं आणि हसावं की रडावं कळत नाही. तो दत्ताराम, त्या माळ्यावर, त्या लाद्यांवर दोन्ही पाय रोवून ताठ उभा, दोन्ही हात पसरून त्या पोराला म्हणतोय, "अरे पण बाळा... वर काही नाही!"

फाइल होल्डवर! होल्ड म्हणजे काय हो? नाही म्हणा, मेलो म्हणून मोकळे होऊ. हो म्हणा, पेढे आणू. होल्ड म्हणजे माणसाने एक पाय वर धरून उभं राहायचं! उर्मिला तर बोलायचीच बंद झाली, आणि बोलली की एकच. "अख्ख्या घराला पाठ करायला लावलं. म्हातारीला गप्प बसवलं. आणि जिना कुणी आणला? खांद्यावर! वरात काढल्यासारखा!" घरात अर्धं सामान खोक्यांत. कुकर खोक्यात गेला म्हणून भात टोपात, आणि झाकण कुठल्या खोक्यात ते कुणाला आठवेना म्हणून टोपावर ताट. घरमालक रोज जिन्यात भेटायचा, काही बोलायचा नाही, नुसता हसायचा. त्या हसण्यापेक्षा शिव्या परवडल्या! कारखान्यात मी स्प्रिंग मागितली तर दत्ताराम तराजूची कडी द्यायचा. फोन वाजला की उठायचा, नाही वाजला तरी उठायचा. संध्याकाळी सुटला की घरी जाण्याऐवजी गोडदेवला जायचा आणि त्या बंद दारासमोर रस्त्यापलीकडे उभा राहायचा. धाकूशेठ म्हणायचा, "अरे, उघडून आत बस," तर म्हणायचा, "नको. इथूनच बघतो." एके दिवशी जेवताना म्हातारी म्हणाली, "मी गाव इचारलं नसतं, तर झालं असतं न्हवं रं तुजं काम?" दत्तारामने हे मला डबा उघडता उघडता सांगितलं. मग म्हणाला, "तिला काय सांगू? की आई, तू चहा दिलास तेच चुकलं?" त्या दिवशी आम्ही दोघांनी डबा तसाच बंद केला.

आणि मग फोन आला. बँकेचा नव्हे, अभिनवचा. त्या पोरालाही झोप नव्हती. एका बाजूला नोकरी, दुसऱ्या बाजूला आजीने पाणी भरलेली विहीर! म्हणाला, "काका, एक रस्ता आहे. साठवणीचा माळा चालतो. नियमात बसतो. फक्त त्यात माणूस सरळ उभा राहता कामा नये. माणूस उभा राहिला तर तो मजला धरतात. वाकला तर माळा."

"म्हणजे घर तेच?"

"घर तेच. डोकं तेवढं खाली."

अहो, हा काय न्याय झाला? त्याच लाद्या, तेच गर्डर, तीच खिडकी, आणि गुन्हा कशात, तर उंचीत! उर्मिलाच्या "उभं राहता येतंय"मध्येच सगळा गुन्हा! पण न्याय विचारायला वेळ कुणाला होता? धाकूशेठला सांगितलं तर त्याने कपाळाला हात लावला. "इतका उंच चढवला मी, आन्‌ आता बुटका करू?" पण विकायचं त्यालाही होतं. मिस्त्री लावला, पत्र्याखाली खालपर्यंत आडव्या पट्ट्या मारून पांढऱ्या शीटचं दुसरं छत टांगलं. आता वर जायचं म्हणजे गोठ्यात शिरल्यासारखं.

दुसरी तपासणी. या वेळी प्लायवूड नाही, लपवालपवी नाही, जिना जागच्या जागी. बंटीने पुन्हा सूचना दिल्या नाहीत, तो फक्त शेवंतीबाईच्या थर्मासकडे बघत बसला होता. अभिनव वर गेला. खाली सगळे माना वर करून. वर पावलं वाजली... एक... दोन... आणि ठोक्‌!

"आई गं!"

"लागलं?" दत्ताराम ओरडला. "लागलं ना? नक्की लागलं ना?"

"लागलं, काका!"

आणि खाली टाळ्या हो! धाकूशेठने तर बंटीला मिठी मारली. एक पोरगा डोकं धरून खाली उतरतोय, कपाळावर हे एवढं टेंगूळ, आणि सगळे त्याच्या टेंगळाकडे देव्हाऱ्यातल्या देवाकडे बघावं तसं बघतायत. म्हातारीने हळद लावली. त्याने तिथेच उभ्या उभ्या लिहिलं. साठवणीचा माळा. राहण्यास अयोग्य. वर कोणी राहत नाही.

कर्ज झालं! दत्तारामने हमीपत्र दिलं, मी माळ्याचा वापर फक्त सामानासाठी करीन. सही करताना नीलिमा मॅडमने सवयीने विचारलं, "सर, वर काय आहे?" आणि हा "वर काही..." एवढं बोलून, जीभ चावून, "वर काही... सामान आहे, मॅडम," म्हणाला. घामाने हमीपत्र ओलं.

राहायला गेले. कपाट आत आलं, या वेळी जिना न चढता. शेवंतीबाईने ती पिशवी सोडली, आतलं सगळं बाहेर काढलं, झटकली आणि खुंटीला टांगली. दत्ताराम त्या वेळी मागे मोरीत जाऊन तोंड धुऊन आला म्हणतो, धूळ फार होती म्हणून. असेल धूळ. आता वर काय आहे? वर तांदळाचं पोतं आहे, गणपतीचं मखर आहे, आणि बारावीची मुलगी आहे, बसून अभ्यास करते, बसूनच. उर्मिला पडदा लावायला वर गेली ती वाकून गेली आणि वाकूनच आली. म्हणाली, "पडदा राहू दे." पण चिडली नाही हो. ओट्यावर बसून तिने रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाकडे असं बघितलं, की आम्ही इथलेच. कोणी या म्हणायला नको आणि कोणी जा म्हणायला नको! दत्ताराम मला म्हणाला, "आता फक्त शांतता पाहिजे बाबा. आपलं घर, आपली चार माणसं."

आणि रविवारी दारात रिक्षा थांबली.

रिक्षातून उतरलं कोण? आत्माराम. अभिनवचे वडील. आंबेकोंडहून सरळ. खांद्यावर तांदळाची गोणी, एका हातात फणस, दुसऱ्या हातात पिशवी. डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं म्हणे. आता अभिनवकडे जायचं ना? तर अभिनव स्वतः नालासोपाऱ्याला चार मित्रांत राहतो, तिथे यांना कुठे ठेवणार? "पानी द्या आधी," आत्माराम म्हणाले, आणि चपला काढल्या. चपला काढल्या म्हणजे समजलात ना? शेवंतीबाईचा आनंद गगनात मावेना, ती कधीच चहाला लागली होती. उर्मिला स्वयंपाकघराच्या दारातून दत्तारामकडे असं बघतेय, की बोला. बोला काहीतरी! एवढी तालीम केलीत ती कशासाठी?

आणि दत्तारामने हिंमत केली हो! पहिल्यांदा! हात जोडले आणि म्हणाला, "दादा, तुम्ही आपलेच... पण जागेची फार अडचण आहे. खाली एकच खोली. आणि वर... वर राहायला बंदी आहे, दादा. बँकेला लिहून दिलंय. वर कोणी राहत नाही."

"ठावं हाय की!" आत्माराम गोणी भिंतीला टेकवत म्हणाले. "आमच्या अभिनवनंच लिवलंय न्हवं ते! सगल्या वाडीत सांगितलंन त्यानं. म्हून तर आलो. म्हटलं, वर कोनी ऱ्हातच न्हाय, म्हंजी मोकळंच पडलंय... दोघं आनखी येतायत मागनं, दुसऱ्या रिक्षात."

दत्तारामने फणस घेतला, जिना धरला, आणि म्हणाला, "सावकाश चढा, दादा... डोकं तेवढं सांभाळा."